पान सापडलं नाही, पुढे काय?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा मुलगा अगदी हळू आवाजात बोलत होता. "ताई, सॉरी, एवढ्या रात्री फोन करतोय. माझे बाबा तीन महिन्यांसाठी इथे आमच्याकडे आले होते. आज संध्याकाळी गेले ते. मित्राने मंडळाच्या साइटवरची एक लिंक पाठवली, पण ती उघडतच नाहीये. ते पान काढून टाकलंत का?"

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या साइटवर खरंच तसं एक पान आहे. परक्या देशात घरात मृत्यू झाला तर पहिला फोन कुणाला करायचा, हॉस्पिटलकडून कोणते कागद घ्यायचे, पार्थिव भारतात न्यायचं असेल तर वकिलातीकडून काय लागतं, इथेच अंत्यसंस्कार करायचे तर कुठे, मदतीला कोण येऊ शकेल, हे सगळं मंडळातल्या जुन्याजाणत्या लोकांनी मेहनतीने लिहून ठेवलंय. ते पान कुणीही काढलेलं नव्हतं. त्याचा पत्ता तेवढा बदलला होता. आणि तो बदलला होता मीच. आदल्या उन्हाळ्यात हौसेने मंडळाची साइट नवी केली, सगळी पानं नीट नव्या जागी लावली आणि जुन्या पत्त्यांचा विचारच केला नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असलेली लिंक मात्र जुनीच होती. त्या मुलाला दिसलं ते पांढऱ्या पानावर काळ्या इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द आणि एक आकडा: ४०४, नॉट फाउंड. मग कुणाकुणाला विचारत माझा नंबर मिळवण्यात त्याचे दोन तास गेले.

मी पेशीशास्त्रात काम करते. वेबसाइट बनवणं हा माझा व्यवसाय नाही. पण त्या फोननंतर मी या ४०४ प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. तुम्ही मंडळाची, मराठी शाळेची, नाटकाच्या ग्रुपची किंवा स्वतःच्या लॅबची साइट सांभाळत असाल, तर पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं आहे. आणि सांभाळत नसाल, तरी रोज कुठे ना कुठे ही पाटी तुम्हाला भेटतेच. तिच्यामागे काय चालतं ते कळलेलं बरं.

४०४ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिंकवर टिचकी मारता तेव्हा तुमचा ब्राउझर दूरच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवतो: "अमुक पत्त्यावरचं पान द्या." सर्व्हर उत्तर पाठवतो. त्या उत्तराचे साधारण दोन भाग असतात. एक, आपल्याला दिसणारं पान. दुसरा, आपल्याला न दिसणारा, पण ब्राउझरला सगळ्यात आधी मिळणारा तीन आकडी संकेतांक. पाकिटावरचा शेरा आणि आतलं पत्र, असं समजा.

या संकेतांकाचा पहिला आकडा महत्त्वाचा. १ ने सुरुवात म्हणजे "विनंती मिळाली, काम चालू आहे". २ म्हणजे "जमलं", त्यातला २०० हा नेहमीचा. ३ म्हणजे "दुसरीकडे जा". ४ म्हणजे "तुम्ही मागितलंत त्यात काहीतरी अडचण आहे". आणि ५ म्हणजे "अडचण माझ्याकडे, सर्व्हरकडे आहे". नियमांनुसार उरलेल्या दोन आकड्यांना वर्गवारीच्या दृष्टीने काही अर्थ नाही. ४०४ हा चारच्या गटातला एक क्रमांक, एवढंच. पहिल्या आकड्यावरून प्रकार ओळखायची ही पद्धत ईमेल आणि फाइली पाठवण्याच्या त्याआधीच्या नियमांमध्येही होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेबचे नियम लिहिले तेव्हा तीच पद्धत तिथेही आली.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत ४०४ क्रमांकाची एक खोली होती, तिथे पहिला सर्व्हर होता आणि फाइल सापडली नाही की तिथली माणसं "खोली ४०४ मध्ये नाही" असं कळवायची, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. वेबच्या जन्मात बर्नर्स-ली यांच्यासोबत असलेले रॉबर्ट कायो यांनी ती सरळ मोडीत काढली आहे.

खरी गंमत नियमांतच आहे. सध्याचा एचटीटीपीचा मुख्य दस्तऐवज जून २०२२ मध्ये आला. त्यात चारच्या गटाबद्दल स्पष्ट सूचना आहे, की नुसता आकडा पाठवून थांबू नका, काय अडचण झाली आणि ती तात्पुरती आहे की कायमची, हे समजावणारा मजकूर सोबत पाठवा. म्हणजे चांगलं एरर पेज ही सजावटीची हौस नाही. वेब चालतं त्या कराराचाच तो भाग आहे.

एक पान, दोन वाचक

मला या सगळ्यात पटलेली मुख्य गोष्ट अशी: एरर पेजला दोन वाचक असतात. एक माणूस, दुसरं यंत्र. माणसाला मदत हवी असते आणि यंत्राला खरा आकडा. एकाचं भलं करताना दुसऱ्याशी खोटं बोलायचं नाही.

हे सांगायची वेळ येते, कारण बऱ्याच साइटी नेमकं तेच करतात. पान नाही हे सांगणारं सुंदर चित्र दाखवतात, माफी मागतात, आणि पाकिटावर शेरा मारतात २०० चा, म्हणजे "सगळं जमलं". याला सॉफ्ट ४०४ म्हणतात. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना याचा धोका लगेच कळेल. बिघडल्यावर बंद पडणारं उपकरण परवडतं. बिघडूनही नेहमीसारखाच आकडा दाखवणारं उपकरण मात्र महिनोन्‌महिन्यांचं काम वाया घालवतं. गूगलसारख्या शोधयंत्रांना २०० मिळालं, की ते त्या पत्त्यावर खरं पान आहे असं समजून पुन्हा पुन्हा तिथे येऊ शकतात. तुटलेल्या लिंक शोधून देणारी साधनंही फसतात. आणि तुम्हाला स्वतःलाच कळत नाही की तुमच्या साइटवर काही मोडलंय.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पान सापडलं नाही की वाचकाला गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडणं. विचार करा, तुम्ही "मराठी शाळेचा प्रवेश अर्ज" म्हणून लिंक उघडलीत आणि समोर आले गणपतीचे फोटो. आता अर्ज गेला कुठे? आपण काही चुकीचं दाबलं का? वाचक गोंधळतो, आणि वरच्या पट्टीतला मूळ पत्ताही पुसला जातो. तो दिसत राहिला असता तर त्यातली चूक कदाचित त्याची त्यालाच सापडली असती. गूगलही अशा सरसकट फेकाफेकीला सॉफ्ट ४०४ समजतं. म्हणून "पाच सेकंदांत तुम्हाला मुखपृष्ठावर नेत आहोत" हेही नको. वाचत असलेल्या माणसाच्या हातातून कागद ओढून घेऊ नये.

लोक तिथे पोचतात कसे?

औषध देण्याआधी निदान. प्रत्येक सर्व्हर आलेल्या विनंत्यांची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. आमच्या साइटचा लॉग मी एक शनिवार घालून वाचला. फक्त ४०४ च्या ओळी वेगळ्या काढल्या. त्यातला बराच कचरा असतो, कारण जगभरातले यांत्रिक चोर आपल्या साइटवर नसलेली दारं ठोठावत फिरत असतात. तो बाजूला काढला की माणसांच्या चुका उरतात, आणि त्यांचे प्रकार मोजकेच निघतात.

पहिला प्रकार, पत्ता बदलला. चूक साइटवाल्याची. आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच होते.

दुसरा, लिंक अर्धी कॉपी झाली, किंवा वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम वा कंस पत्त्याला चिकटला.

तिसरा, हाताने टाइप करताना झालेली चूक. 'दिवाळी'चं रोमन स्पेलिंग कुणी डब्ल्यूने करतं, कुणी व्हीने. 'शाळा'त एक ए घालायचा की दोन, यावर तर घराघरांत मतभेद. शिवाय बऱ्याच सर्व्हरांना इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर वेगवेगळं वाटतं.

चौथा प्रकार खास आपला, देवनागरी पत्त्यांचा. याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेबपत्ता प्रवास करतो तेव्हा त्यात मोजकीच रोमन अक्षरं आणि चिन्हं चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. 'दिवाळी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने सहा चिन्हं आहेत: द, इकार, व, काना, ळ, ईकार. सहा गुणिले तीन, अठरा बाइट. अठरा गुणिले तीन, चोपन्न अक्षरं! एका सहा चिन्हांच्या शब्दासाठी टक्क्यांनी भरलेली चोपन्न अक्षरांची माळ. लेखाचं शीर्षक पाच-सहा शब्दांचं असेल तर पत्ता काही ओळींचा होतो आणि कॉपी करताना कुठेतरी तुटतो. अर्धवट तुटलेल्या पत्त्यावर अर्थातच काही नसतं.

याहून मजेदार आहे 'ऱ्य'. 'सह्याद्रीतल्या दऱ्या' हे शीर्षक घ्या. यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यातून पाठवापाठवीत कुठेतरी ते अदृश्य चिन्ह गळालं, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातून थेट समुद्रात! सर्व्हर बिचारा प्रामाणिकपणे सांगतो, असं पान माझ्याकडे नाही.

माझा सल्ला असा, की पानाचं शीर्षक खुशाल मराठीत ठेवा, ते ठेवायलाच हवं, पण पत्ता छोटा, छोट्या रोमन अक्षरांत आणि फोनवर सांगता येईल असा ठेवा. ज्यांच्या साइटवर देवनागरी पत्ते आधीपासून आहेत त्यांनी ते बदलू नयेत. बदलले तर आणखी लिंक तुटतील.

पानावर काय असावं?

निदान झालं की पानावर काय लिहायचं हे जवळपास आपोआप ठरतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९४ साली मांडलेल्या दहा तत्त्वांमध्ये एक खास चुकांच्या संदेशांबद्दल आहे: संदेश साध्या भाषेत असावा, अडचण नेमकी सांगावी आणि पुढे काय करायचं ते सुचवावं. इतक्या वर्षांनंतरही यात भर घालायला फारसं काही नाही.

आमच्या मंडळाच्या साइटवर आता जो मजकूर आहे, तो असा:

*हे पान या पत्त्यावर सापडलं नाही.*
*आम्ही साइट नव्याने बांधली तेव्हा बरेच पत्ते बदलले. कदाचित तुमच्याकडची लिंक जुनी असेल, किंवा कॉपी करताना अर्धी राहिली असेल.*
*घरात मृत्यू, अपघात किंवा दुसरी तातडीची अडचण असेल तर काही शोधत बसू नका. या नंबरवर फोन करा, रात्री-अपरात्रीसुद्धा.*
*बाकी कशासाठी आला असाल तर: शाळा आणि प्रवेश अर्ज, येणारे कार्यक्रम, सभासदत्व, जुने अंक.*
*किंवा इथे शोधा.*
*ही लिंक कुठे मिळाली ते आम्हाला कळवा, आम्ही दुरुस्त करू.*

खाली हेच इंग्रजीत आहे, कारण इथे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि पालकांची कामं बऱ्याचदा तीच करतात.

यात काय काय आहे ते बघा. '४०४' हा आकडा मजकुरात नाही. तो यंत्रासाठी आहे, माणसाला त्याचा उपयोग नाही. "तुम्ही चुकीचा पत्ता टाइप केलात" असा आरोप नाही, कारण आपल्याला ते माहीत नसतं. जे शक्य आहे तेवढंच 'कदाचित' म्हणून सांगितलंय. तातडीची गोष्ट सगळ्यात वर आहे. दुवे चारच आहेत, चाळीस नाहीत. कुठले चार, ते माझ्या मनाने ठरवलेलं नाही, लॉगमध्ये लोक ज्यासाठी येऊन अडकले होते त्यावरून ठरवलं. तुमच्याकडे ते वेगळे निघतील. आणि कळवण्याच्या दुव्यात तुटलेला पत्ता आपोआप भरला जातो, वाचकाला चोपन्न अक्षरं टाइप करावी लागत नाहीत.

विनोद करावा का? नाटकाच्या ग्रुपच्या साइटवर "हे पान एक्झिट घेऊन गेलं" चालेल. पण लक्षात ठेवा, वाचक कुठल्या मनःस्थितीत आलाय हे तुम्हाला माहीत नाही. त्या रात्री माझ्या पानावर डोळे मिचकावणारं कार्टून असतं तर? विनोद असलाच तर मदतीच्या खाली असावा, मदतीऐवजी नसावा.

मजकूर चित्रात कोरू नका, कारण स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तो ऐकू येत नाही. पानाची भाषा मराठी आहे हेही कोडमध्ये नोंदवा, नाहीतर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजी उच्चारांनी मराठी वाचायला बघतं.

"तुम्हाला हे म्हणायचं होतं का?"

थोडी हौस असेल तर एक पायरी पुढे जाता येतं. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली दोन शब्दांमधलं 'अंतर' मोजायची एक सोपी कल्पना मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात? एक अक्षर घालणं, काढणं किंवा बदलणं, प्रत्येकाला एक गुण. 'गणेशोत्सव' आणि 'गणेशउत्सव' घ्या. ओकाराच्या जागी 'उ' आला, बाकी सगळं तेच. अंतर एक.

आमच्या साइटवर दोन-अडीचशे पानं आहेत. चुकलेला पत्ता त्या प्रत्येकाशी ताडून सगळ्यात जवळची दोन-तीन पानं सुचवायला ब्राउझरला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. अपाची या सर्व्हरमध्ये एखादं चुकलेलं अक्षर सांभाळून घेणारं एक तयार मोड्यूलही आहे. त्याच्या नावातच 'स्पेलिंग'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं आहे. फक्त एक पथ्य पाळा: दुसऱ्याच पानावर परस्पर नेऊ नका. सुचवा आणि निवड वाचकावर सोडा. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांच्यातलं अंतरही थोडंसंच आहे, हे विसरू नका.

बसवायचं कसं, आणि कुठे फसायला होतं

बसवणं सोपं आहे. वर्डप्रेसच्या बहुतेक थीममध्ये ४०४ चा साचा आधीपासून असतो, तो बदलायचा. गिटहब पेजेसवर मुळाशी '४०४ डॉट एचटीएमएल' नावाची फाइल ठेवली की झालं. अपाचीवर एचटीॲक्सेस फाइलमध्ये 'एररडॉक्युमेंट ४०४' अशी एक ओळ लिहून पुढे फाइलचा मार्ग द्यायचा. एंजिनएक्सवर 'एरर पेज' नावाची तशीच सूचना आहे.

फसायला होतं ते तीन ठिकाणी. एक, अपाचीच्या त्या ओळीत फाइलचा मार्ग तिरक्या रेघेने सुरू होणारा स्थानिक मार्गच हवा. तिथे एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता लिहिलात तर सर्व्हर वाचकाला त्या पत्त्यावर 'दुसरीकडे जा' म्हणून पाठवतो आणि ४०४ हा संकेतांक हरवतो. म्हणजे नकळत सॉफ्ट ४०४. मी हे केलं होतं.

दोन, एरर पेज कुठल्याही पत्त्यावर उमटतं, साइटच्या अगदी आतल्या कप्प्यातल्या पत्त्यावरसुद्धा. त्यामुळे त्यावरची चित्रं, रंगरूपाची फाइल आणि दुवे यांचे मार्ग साइटच्या मुळापासून लिहा. नाहीतर मुखपृष्ठाशेजारी चाचणी केली तर पान देखणं दिसतं आणि आतल्या पत्त्यावर त्याचे कपडे उतरतात.

तीन, पाचच्या गटासाठी, म्हणजे सर्व्हरच कोसळला तर दाखवायचं पान वेगळं आणि अगदी साधं ठेवा. डेटाबेस बंद पडल्याची माफी मागणारं पान जर डेटाबेसमधूनच येणार असेल, तर ते येणारच नाही. त्यावर सर्व्हरच्या आतल्या फाइलींची नावं किंवा तांत्रिक तपशीलही उघडे पडू देऊ नका, चोरांना तेवढंच हवं असतं.

सगळं झालं की तपासा. तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे काहीतरी अगम्य टाइप करा. डेस्कटॉप ब्राउझरमध्ये बहुधा एफ-१२ ने उघडणाऱ्या खिडकीत 'नेटवर्क' हा भाग असतो, तिथे पहिल्याच ओळीत संकेतांक दिसेल. पान छान दिसतंय आणि आकडा ४०४ आहे? दोन्ही वाचक खूश. आकडा २०० असेल तर अजून काम बाकी आहे.

पण मुळात तिथे कुणी येऊच नये

सगळ्यात चांगलं एरर पेज ते, जे कुणाला बघावं लागत नाही. पान हलवलंत तर जुन्या पत्त्यावर ३०१ हा संकेतांक ठेवा. तो "कायमचं स्थलांतर, नवा पत्ता हा" असं सांगतो आणि ब्राउझर वाचकाला नेमक्या त्याच पानाच्या नव्या जागी नेतो. मुखपृष्ठावर फेकणं आणि हे, यात हाच फरक आहे. पान खरोखर कायमचं काढलं असेल, उदाहरणार्थ तीन वर्षांपूर्वीच्या सहलीचा नोंदणी अर्ज, तर ४१० आहे: "होतं, पण आता नाही, पुन्हा येणारही नाही." ४०४ ने मात्र ही गैरहजेरी तात्पुरती की कायमची, ते कळत नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या मंडळाचा नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली केलेल्या पाहणीत, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ साली, हार्वर्डमधल्या कायद्याच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले वेबपत्ते तपासले. त्यातले निम्मे मूळ संदर्भापर्यंत पोचवत नव्हते. निकालांची ही गत, तर माझ्या शोधनिबंधातल्या डेटाच्या लिंकांचं काय, म्हणून मी त्याही तपासल्या. दोन मेलेल्या निघाल्या. बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं होतं, की चांगले पत्ते बदलत नाहीत, ते बदलतात माणसं.

मी मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आमच्या जुन्या साइटची साठवलेली रूपं शोधली, त्यावरून जुन्या पत्त्यांची यादी केली आणि एकेकाला नवा पत्ता जोडला. तीन संध्याकाळी लागल्या. साइट हलवतानाच केलं असतं तर एका दुपारीत झालं असतं. सगळ्यात पहिला जोडला तो त्या मदतीच्या पानाचा. आता व्हॉट्सॲपमधली ती जुनी लिंक पुन्हा चालते.

त्या मुलाच्या बाबांचं सगळं पुढच्या दोन-तीन दिवसांत नीट पार पडलं. मंडळातली चार माणसं सोबत होती. नंतर भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, मला वाटलं पानच काढून टाकलंय. म्हणजे इथे आता कुणी नाही."

आज रात्री झोपण्याआधी तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे चार चुकीची अक्षरं टाइप करून बघा. जे दिसेल ते अशा माणसाच्या नजरेने वाचा, ज्याला आत्ता, या क्षणी, तुमची गरज आहे.